पुंडलिकभाऊंची बकरी

माझी नात संगणकावर चित्रं काढते. टी-शर्टांवर छापायची, कुठल्या कुठल्या स्पर्धांना पाठवायची, कुणा दुकानदाराच्या जाहिरातीसाठी, अशी सगळी गमतीची चित्रं. परवा तिनं चहा पिणारं एक कासव काढलं होतं. चहा केव्हाच निवून गेलेला, वर साय धरलेली, आणि कासव आपलं अजून फुंकरच मारतंय. मी बघताक्षणी हसलो. संध्याकाळी गिऱ्हाइकाचा निरोप आला, की चित्र फारच छान आहे, फक्त कासवाच्या जागी ससा करा, चहा काढून टाका आणि एकूण जरा उत्साही दाखवा. पोरीनं हातातला पेन टेबलावर आपटला आणि एक सणसणीत शिवी हासडली. मग माझ्याकडे लक्ष जाऊन म्हणाली, "सॉरी, आजोबा." मी म्हटलं, सॉरी कसलं, अजून दोन दे. माझ्याही वतीनं दे.

कारण त्या क्षणी मला पुंडलिकभाऊ आठवले होते. आणि पुंडलिकभाऊ आठवले की माझं डोकं आजही तापतं. इतक्या वर्षांपूर्वीचा माणूस आठवला की लोकांचे डोळे भरून येतात म्हणे. माझ्या मुठी वळतात. त्यांच्यावर नव्हे, त्यांच्या चित्रांत ज्या ज्या शहाण्यांनी 'सुधारणा' केल्या त्या सगळ्यांवर. मेलेल्यांवरसुद्धा. मी काही कुणाला माफ केलेलं नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवाच झाला होता. मी खामगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. लग्नपत्रिका, हँडबिलं, तेलाच्या डब्यांची लेबलं, विड्यांच्या कट्ट्यांवरचे कागद, असलं सगळं आमच्याकडे छापून निघायचं. लेबलांवरची चित्रं काढून द्यायला पुंडलिक इंगळे यायचे. मूळचे देऊळघाटचे. बापाचा जन्म दुसऱ्याच्या वावरात गेला. पोरगा मात्र अकोल्याला पळाला, सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्याच्या हाताखाली राहिला आणि चित्रकला घेऊन खामगावात आला. कापूस बाजाराच्या मागं त्यांची एक खोली होती. दारावर नावाची पाटी नव्हती. दारावर एक कुत्रं रंगवलेलं होतं, आणि दाराची खरी लोखंडी साखळी बरोबर त्याच्या गळ्यापाशी यायची. दार लावलेलं असलं की कुत्रं बांधलेलं, दार उघडलं की सुटलेलं. पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "सुटेल कुत्रं दिसलं तं समजजा का पेंटर घरी हाय."

माणूस उंच आणि हडकुळा. कानामागं कायम ब्रश. आवाज असा, की खोलीत पुटपुटले तरी बाजारात ऐकू जावं. त्यांना राग यायला वेळ लागत नसे, पण राग उगाच आला असं मी कधी पाहिलं नाही. लोक म्हणायचे, पेंटर तिरसट आहे. तिरसट! हातातलं काम दुसऱ्यानं नासवायचं आणि माणसानं वर गोड बोलायचं, ही अपेक्षा करणाऱ्यांना काय म्हणायचं ते कुणी सांगत नाही.

चित्राविषयी त्यांचा एकच प्रश्न असे. कुणी कॅलेंडर दाखवो, कुणी लेबल दाखवो, ते विचारायचे, "काय करून राह्यलं हे?"

मी एकदा हौसेनं त्यांना एका विडीच्या कागदावरचा वाघ दाखवला. मुंबईहून छापून आलेला, चांगला चाररंगी.

"काय करून राह्यला हा?"

"पुंडलिकभाऊ, वाघ हाय तो."

"वाघ हाय थे मलेबी दिसते बे. पन करून काय राह्यला? उभा हाय. कायले उभा हाय? यश्टीची वाट पाहून राह्यला काय?"

त्यानंतर मला तो वाघ कधी वाघ वाटलाच नाही. जिथं दिसेल तिथं तो यश्टीची वाट पाहत उभा असायचा. पुंडलिकभाऊंच्या चित्रांतलं कुणी नुसतं उभं नसे. त्यांची गाय शेजारच्या लेबलाकडे मान वळवून बघायची. त्यांचा पोपट पिंजऱ्याबाहेर बसून पिंजऱ्याचं दार लावायचा. पाहणारा आधी थबकायचा, मग त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. पुंडलिकभाऊ त्या कोपऱ्यासाठी जगायचे.

त्यांची परीक्षक घरातच होती. कौसल्यावहिनी चुलीपुढं भाकरी थापत असल्या की भाऊ नवं चित्र जवळ कुठं तरी टेकवून ठेवायचे आणि आपण काहीतरी शोधतोय असं दाखवायचे. वहिनी हसल्या की चित्र पास. पण वहिनी नुसतं "चांगलं हाय" म्हणाल्या, तर संपलं. "चांगलं हाय म्हनजे मेलं थे," असं म्हणून ते कागद टराटरा फाडायचे. वहिनी ओरडायच्या, "आवो, म्या चांगलं तं म्हनलं ना!" ते म्हणायचे, "म्हनूनच."

आता हत्तीचं ऐका.

खामगावात कापसाच्या गाठी बांधल्या जायच्या. प्रत्येक जिनिंगचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, एक मार्का असे, आणि तो गाठीवर उमटवायला पत्रा असे. पत्र्यात चित्राच्या आकाराचं भोक पाडायचं, पत्रा गाठीवर धरायचा, वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, की चित्र उमटलं. गाठी उचलणाऱ्या हमालांना अक्षरं वाचता येत नसत, ते मार्का बघून गाठी लावायचे. पण पत्र्यात एक अडचण असते. हत्तीच्या आकाराचं भोक पाडलं आणि त्यात डोळा पांढरा ठेवायचा असला, तर डोळ्याएवढा पत्र्याचा तुकडा मधोमध राहणार. तो अधांतरी कसा राहील? त्याला कडेपर्यंत पत्र्याची एक बारीक पट्टी ठेवावी लागते. ती पट्टीही गाठीवर पांढरी रेघ होऊन उमटते. दुसरे पेंटर ती रेघ कुठं तरी लपवायचे. पुंडलिकभाऊंनी ती डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत अशी काही वळवून नेली, की ती हसताना पडणारी सुरकुती झाली. हत्ती हसायला लागला. आख्ख्या जिनिंगच्या अंगणात गाठींवर गाठी, आणि गाठीगाठीवर हत्ती हसतोय. हमालसुद्धा त्याला "हासरा" म्हणायला लागले.

हत्तीचे धनी गुलाबशेठ. गावातलं मोठं प्रस्थ. त्यांना कुणीतरी सांगितलं, तुमचा हत्ती म्हातारा दिसतो, सुरकुती आहे. झालं! पेंटरला बोलावणं नाही, विचारणं नाही. शेठजींनी मिस्त्रीला सांगितलं, "ये लकीर काट डालो. हत्तीले सुरकुती कायले पाह्यजे?" मिस्त्रीनं छिन्नी घेतली आणि पट्टी उडवली. पट्टीबरोबर डोळा गळून पडला. पडणारच! आणि पडल्यावर तरी थांबावं की नाही? नाही. हंगाम चालू होता, म्हणून तसाच पत्रा वापरला. हसऱ्या हत्तीचा ठार आंधळा हत्ती झाला. हमाल ओरडायला लागले, "आंधया हत्तीच्या गाठी कुठी लावू?" बाजारात तेच नाव पडलं. मग शेठजी खवळले, आणि कुणावर? पेंटरवर!

मी तेव्हा लेबलाचं प्रूफ दाखवायला तिथंच गेलो होतो. शेठजी गादीवरून कडाडत होते, "ऐसा कैसा काम किया, पेंटर? डोया गळून पडते म्हंजे काय?"

पुंडलिकभाऊंनी पत्रा हातात घेतला, डोळ्याच्या जागेतून आरपार शेठजींकडे पाहिलं. "शेठजी, तुमाले हत्ती आंधया झाला याचा राग नाई आला. थो हासत होता याचा आला."

"जबान सांभाळ!"

"पत्रा सांभाळाचा होता, थो तुमी सांभाळला नाई. आता जबान काय सांभाळू?"

नवा पत्रा ते फुकट करून द्यायला तयार होते, अट एकच, सुरकुती राहील. गुलाबशेठ म्हणाले, सुरकुती नको. मग डोळाही नको, असं म्हणून भाऊ उठले. पुढं कैक हंगाम खामगावातून आंधळा हत्तीच बाहेरगावी जात राहिला. हट्टापायी एका माणसानं आपलाच हत्ती आंधळा ठेवला आणि गाव त्याला व्यवहारचतुर म्हणत होतं. मला आजही कळत नाही, लोकांना हसणाऱ्या गोष्टीची इतकी भीती का वाटते.

आमचा छापखाना तरी कुठं वेगळा होता? आमच्याकडे कोपऱ्यावरच्या हॉटेलातून किटलीनं चहा यायचा. कप छापखान्याचे. पुंडलिकभाऊंचा कप निराळा, खिडकीत ठेवलेला, कान तुटलेला. तो निराळा का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंच्या घरच्यांनी धम्माची दीक्षा घेतली होती, त्यांच्या भिंतीवर तो फोटो होता, आणि मालकांच्या घरात जुनं सोवळं होतं. मालक तोंडानं मोठे सुधारक. व्याख्यानमालेला जाऊन पुढच्या रांगेत बसायचे. खिडकीतला कप मात्र खिडकीतच.

भाऊ बरेच दिवस त्यातून चहा प्यायले. एक दिवस त्यांनी खिशातून रंगाची डबी काढली आणि त्या कपावर मांजर काढलं. कपाचा कान तुटून वरखाली दोन खुंट उरले होते, ते झाले मांजराचे कान. म्हणजे मांजर आडवं, कुशीवर झोपलेलं. पण पिणाऱ्यानं शेवटचा घोट घ्यायला कप आडवा केला, की मांजर उठून बसायचं आणि पाहणाऱ्याकडे रोखून बघायचं. आम्ही सगळे हातातलं काम टाकून भाऊंचा चहा संपायची वाट बघायला लागलो.

मालकांचं घर छापखान्याच्या वरच होतं. त्यांचा नातू खाली आला, त्यानं मांजर उठताना पाहिलं आणि हट्ट धरला, की दूध प्यायचं तर याच कपातून. कुणाचं लक्ष नसताना तो कप घेऊन वर पळालाही. वर जो गोंधळ उठला! पोरगं रडतंय, बायका ओरडताहेत, कुणी पाणी ओततंय. शेवटी कप मागच्या अंगणात फुटल्याचा आवाज आला. मालक खाली आले ते नजर चुकवत. दुसऱ्या दिवशी खिडकीत नवा कप होता. कोरा, पांढरा, कान असलेला. आणि पुन्हा खिडकीतच!

भाऊंनी तो उचलून फिरवून पाहिला. म्हणाले, "याले कान हाय. मालक, तुमी सुधारले."

मालक कसंनुसं हसले. टोमणा कळलाच नाही असं दाखवत ते खिळ्यांच्या खान्यात हात फिरवत होते, जे काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. भाऊंनी कप जागच्या जागी ठेवला. त्यानंतर छापखान्यात त्यांनी चहाच काय, पाणीही घेतलं नाही. काम मात्र देत राहिले. मला म्हणाले, "भास्कर, लेबलं लोकाच्या घरात जातात बे. मी नाई गेलो तं नाई गेलो." हे सांगताना ते रागावलेले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बुलडाण्याला एकदा सरकारी प्रदर्शन भरलं. त्यात चित्रांची स्पर्धा होती. विषय, धान्य नासणारे उंदीर. भाऊंनी काढला एक गलेलठ्ठ उंदीर. ज्वारीच्या पोत्यावर लोडाला टेकून बसलाय, ढेरीवर हात, जेवण झाल्यावर काडीनं दात कोरतोय आणि दाराकडे बघून जणू विचारतोय, काय, आणखी काही आहे का आत? वहिनी भाकरी करपेपर्यंत हसल्या होत्या. मी भाऊंबरोबर गेलो. परीक्षक पुण्याकडचे, कडक इस्त्रीतले. त्यांनी चित्र पाहिलं. ओठाचा कोपरा हलला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! पण लगेच त्यांनी तो जागेवर आणला.

"रेषा उत्तम आहे," ते म्हणाले. "पण उंदीर फार गोंडस झालाय. असा उंदीर कोण मारील?"

"साहेब, लोक आधी थांबतीन तं पायजे. थांबतीन, हासतीन, मंग घरी जाऊन आपली पोती पाहतीन."

'थांबतीन' ऐकून बाजूचे दोन तरुण एकमेकांकडे बघून हसले. परीक्षकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "असं करा, ढेरी काढून टाका. दात मोठे करा. डोळे लाल. मी उत्तेजनार्थ बक्षिसासाठी शब्द टाकतो."

"म्हंजे राक्षस काढू?"

"थोडी सुधारणा हो."

भाऊंनी खिळ्यावरून आपलं चित्र काढलं, गुंडाळी केली आणि काखेत मारली. "माह्या घरी कोठीत उंदरं हायेत. त्याइले दाखवतो. थे तरी ढेरी काढा म्हननार नाईत." बक्षीस एका कवटीला मिळालं. तिच्याखाली 'सावधान' लिहिलेलं होतं. ती कवटी काय करून राहिली होती, ते परीक्षकच जाणोत.

यश्टीत भाऊंनी चित्राची गुंडाळी मांडीवर घेतली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भास्कर, मले काई नाई पाह्यजे. नाव नको, हार नको. एक चित्र. माह्या हातून निंगालं तसंच्या तसं लोकाइपाशी जाओ. मंधात कोनाचं बोट न लागता. एक तरी."

एवढंच मागणं होतं त्या माणसाचं. एवढंच! आणि मी पैजेवर सांगतो, त्यानं जमीनजुमला मागितला असता तर तो आधी मिळाला असता.

मग ती बकरी आली.

शेजाऱ्यांची बकरी एक दिवस उघड्या दारातून आत शिरली आणि तेलाच्या लेबलासाठी काढून ठेवलेलं भाऊंचं चित्र तिनं खाल्लं. मी पोचलो तेव्हा वहिनी काठी घेऊन उभ्या, आणि भाऊ बकरीसमोर उकिडवे बसलेले. मला वाटलं, आज बकरीचं काही खरं नाही. भाऊ म्हणाले, "पाह्य बे भास्कर. पयलं गिऱ्हाइक असं भेटलं, जे काई बदला म्हनलं नाई. हाय तसं पसंत केलं." आणि ते तिच्या पोटाकडे बघत बसले. चघळता चघळता तिचं पोट हळूहळू आतबाहेर होत होतं.

त्याच सुमारास बाहेरगावच्या एका बनियन कंपनीनं वर्तमानपत्रात स्पर्धा जाहीर केली होती. लहान मुलांच्या बनियनांवर छापायला गमतीचं चित्र हवं होतं. भाऊंनी कागद घेतला नाही. वहिनींकडून जुन्या धोतराचं मुलाच्या मापाचं बनियन शिवून घेतलं आणि त्यावर बकरी काढली. ती मान उंच करून बनियनच्या गळ्याचा दोरा खात होती. आणि तिचं मोठं गोल पोट बरोबर तिथं, जिथं घालणाऱ्या पोराचं पोट येणार. पोरानं श्वास घेतला की बकरीचं पोट हलणार. पोरगं जेवलं की बकरीचं पोट भरणार. पोरगं उपाशी, तर बकरी उपाशी. शेजारच्या घरातलं एक पोर आणून त्याला ते घालून पाहिलं, हातात गुळाचा खडा दिला. वहिनींना हसू आवरेना. पोरगं स्वतःच्या पोटाकडे बघत गूळ खात राहिलं. त्याला वाटत होतं, गूळ बकरीच खातेय.

भाऊंनी सोबत पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. इकडचं तिकडचं काही नाही. बकरीचं पोट पोराच्या पोटावरच आलं पाहिजे, आणि चित्राला कुणी हात लावू नये. बस्स.

उत्तर आलं. चित्र पहिलं आलं होतं. खाली टाइप केलेलं वाक्य होतं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' भाऊ ते पत्र घेऊन छापखान्यात आले, आणि बाहेर रस्त्यावरूनच ओरडले, "भास्कर! नोंद घेतली बे त्याइनं!" मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. गावभर त्यांनी सांगितलं. गुलाबशेठच्या जिनिंगवरच्या हमालांना सांगितलं. "आता येईन पाहा बजारात. तुमच्या पोट्ट्याइच्या पोटावर चरन माही बकरी." रागीट माणूस सगळ्यांशी गोड बोलत हिंडत होता. वहिनी म्हणायच्या, "घरात कसं सुनं सुनं वाटून राह्यलं, आवाजच नाई."

बनियनं बाजारात यायला काही महिने गेले, आणि तोवर माझं खामगाव सुटत आलं. नागपूरला एका मोठ्या छापखान्यात जागा मिळाली होती, दोन दिवसांत जायचं होतं. नंतर आमची गाठ पडली नाही. कधीतरी भाऊ गेल्याचं कानावर आलं, तेही पुष्कळ उशिरा. म्हणून आठवडी बाजारातला तो दिवसच माझ्यापाशी राहिलाय.

बनियनं आल्याचा निरोप एका हमालानं आणला. भाऊ, वहिनी आणि मी, तिघंही गेलो. भाजीच्या रांगेच्या टोकाला एका व्यापाऱ्यानं ताडपत्री अंथरली होती. बनियनांचा ढीग होता, आणि बांबूला चारपाच टांगलेली होती. भाऊ झपाझप पुढं गेले, आणि तिथंच थांबले.

बकरी होती. पण छातीच्या डाव्या बाजूला, खिशावर शोभावी एवढीशी. मान खाली घातलेली. दोरा नव्हता, तोंडात गुलाबाचं फूल होतं. पापण्या मिटलेल्या, गळ्यात रिबीन. पोट सपाट. छातीवरच्या बकरीला पोट हवंच कशाला! ती काहीही करून राहिली नव्हती. नुसती उभी होती.

वहिनी म्हणाल्या, "चांगली हाय." आणि लगेच जीभ चावली.

भाऊंनी टांगलेलं बनियन ओढून काढलं. "कोनं केलं हे?"

"मले काय मालूम? घ्याचं हाय काय?" व्यापारी म्हणाला.

"कोनं केलं म्हनतो मी! माही बकरी हाय हे! हिचं पोट कुठी गेलं? हे फूल कोनं घातलं हिच्या तोंडात?" त्यांनी ते बनियन ताडपत्रीवर भिरकावलं, दुसरं ओढलं, तेही भिरकावलं. व्यापारी उठून अंगावर धावला. मी मधे पडलो. लोक जमले, हसायला लागले. पेंटर बकरीसाठी भांडतोय, यापेक्षा गंमत ती काय! मला वाटलं, त्या हसणाऱ्या एकेकाच्या कानाखाली द्यावी. त्या कंपनीत खुर्चीवर बसून, पेन्सिल फिरवून, 'जरा गोड करा' म्हणणारा जो कोण असेल, त्याला फरफटत या बाजारात आणावं आणि या माणसाच्या तोंडाकडे बघायला लावावं. आज मी म्हातारा झालो, तरी माझी ही इच्छा तशीच आहे.

"चाला घरी," वहिनी भाऊंचा हात धरून म्हणाल्या. "लोक पाहून राह्यले."

भाऊंनी हात सोडवून घेतला. त्यांनी मान वळवली, आणि त्यांना एक पोरगं दिसलं. समोर कांदे विकणाऱ्या बाईच्या शेजारी बसलेलं, अंगात नवंकोरं तेच बनियन, हातात कागदात बांधलेली गरम भजी. भाऊ सरळ तिकडं गेले, आणि त्याच्यापुढं मातीत गुडघे टेकून बसले. कानामागचा ब्रश काढला, पिशवीतून काळ्या रंगाची डबी काढली.

"बाई, तुह्या पोराच्या बनियनावर जरासा हात चालवतो."

"नवं हाय ना भाऊ. खराब करसान."

"खराबच हाय थे, माय. मी नीट करतो."

बाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे, ती नाही म्हणाली नाही. भाऊंनी आधी ते फूल बुजवलं. मिटलेल्या पापणीतून डोळा उघडला. खाली घातलेली मान बुजवून नवी मान वर गळ्यापर्यंत नेली. मग डाव्या हातानं बनियन ताणून धरलं आणि एक लांबलचक रेघ छातीवरून खाली, पार बेंबीपर्यंत आणली. गोल, भलंमोठं, ढबरं पोट. पोरगं गुदगुल्यांनी वळवळायला लागलं.

"हालू नको बे. पोट वाकडं होईन तिचं. हां. आता भजं खाय."

पोरानं भजं तोंडात टाकलं, खाली बघत बघत चावलं, गिळलं. मग मुद्दाम पोट फुगवलं. बकरी फुगली. पोट आत घेतलं, बकरी बारीक झाली. पोरगं खदाखदा हसत सुटलं. कांदेवाली तोंडाला पदर लावून हसली. मघाशी भाऊंना हसणारी माणसं वाकून वाकून बघायला लागली.

भाऊ हसले नाहीत. ते उठले. गुडघ्यांना माती, हाताला काळा रंग, डोळे लालबुंद. पलीकडं मिरचीच्या रांगेत तसलंच बनियन घातलेलं दुसरं पोरगं बापाचं बोट धरून चाललं होतं. "ए पोट्ट्या! थांब बे तिथीसाच!" असं ओरडत, ब्रश उगारून, पुंडलिकभाऊ त्या बाजारात घुसले.